उंट, सुईचं नाक आणि श्रीमंताचं तारण

काही वर्षांपूर्वी माझी आत्या वसईहून चर्चच्या गटाबरोबर पवित्र भूमीची यात्रा करून आली. तिच्या मोबाइलमधला एक फोटो ती अजून आवर्जून दाखवते. जाड दगडी भिंतीत एक ठेंगणं दार आणि त्यातून कमरेत वाकून बाहेर येणारी आत्या. "हेच ते सुईचं नाक. उंट पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून यातून जायचा. श्रीमंत माणसानेही थोडं वाकलं की झालं," असं गाइडने गटाला सांगितलं होतं.

ते दार बेथलेहेमचं आहे, ख्रिस्तजन्माच्या चर्चचं. जेमतेम सव्वा मीटर उंचीचं. नीट पाहिलं तर वरच्या दगडांत जुन्या मोठ्या दाराच्या खुणा दिसतात. घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत म्हणून ते पुढच्या काळात बुजवत बुजवत लहान केलं, असं सांगतात. मुळात ते चर्चच चौथ्या शतकातलं. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वचन. ते त्याने उच्चारलं तेव्हा तिथे हे दार नव्हतं आणि ही भिंतही नव्हती.

आत्याला मी तेव्हा काही बोललो नाही. पण हीच दाराची गोष्ट, बहुधा यरुशलेमच्या तटातल्या एका दाराची म्हणून, मी प्रवचनांत ऐकली आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकली आहे, फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशांत वाचली आहे. कॅथलिक चर्चमध्ये हा उतारा दर तीन वर्षांनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी वाचला जातो आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर अंगणात तोच प्रश्न निघतो: श्रीमंताला खरंच दार बंद आहे का? म्हणून एकदा सगळं नीट मांडावंसं वाटलं.

गोष्ट अशी आहे

येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं; मार्क, मत्तय आणि लूक हे त्यांतले तीन लेखक. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू वाटेने निघालेला असतो. एक माणूस धावत येतो, त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि विचारतो, "उत्तम गुरुजी, सार्वकालिक जीवनाचं वतन मिळावं म्हणून मी काय करू?" मत्तय म्हणतो हा माणूस तरुण होता, लूक म्हणतो तो अधिकारी होता. तिघेही सांगतात की त्याच्याकडे पुष्कळ होतं. मार्क आणि मत्तय यांनी इथे वापरलेला ग्रीक शब्द बऱ्याचदा जमीनजुमल्यासाठी येतो.

यातला 'वतन' हा शब्द मराठी बायबलने फार अचूक पकडला आहे. वतन म्हणजे काय हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. पाटीलकी, कुलकर्णीपण, पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा हक्क. ज्याच्या घरात सगळं वारशाने आलं, तो माणूस देवाकडेही वारशाच्याच भाषेत मागतो. या आणखी एका वतनाची कागदपत्रं कशी करायची, तेवढं सांगा.

येशू त्याला आज्ञा आठवून देतो: खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, आईबापांचा मान राख. या यादीत मार्कने एक जास्तीची आज्ञा दिली आहे, "ठकवू नको". दहा आज्ञांत ती या शब्दांत नाही आणि मत्तय-लूकमध्ये इथे ती येत नाही. मूळ ग्रीक क्रियापदात दुसऱ्याच्या हक्काचं अडवून धरणं हा अर्थ आहे, मजुराची मजुरी अडवणंही त्यात बसतं. जमीनदाराशी बोलताना येशूने ती मुद्दाम घातली असावी असं मला वाटतं. माणूस म्हणतो, "हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलोय."

मग मार्क एक वाक्य लिहितो जे बाकी दोघांकडे नाही: येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटलं. पुढचं सगळं या वाक्याच्या उजेडात वाचायला हवं. "तुझ्यात एक उणं आहे. जा, असेल ते विक, गोरगरिबांना दे, आणि ये, माझ्यामागे चल." त्या माणसाचा चेहरा उतरला. तो खिन्न होऊन निघून गेला. आणि येशू शिष्यांना म्हणाला, "श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं आहे."

देवाचं राज्य म्हणजे फक्त मेल्यानंतरची जागा नव्हे. देवाच्या इच्छेप्रमाणे चालणारा कारभार, जो येशूच्या म्हणण्याप्रमाणे इथेच सुरू झाला आहे. आणि 'तारण' म्हणजे पापाच्या व मरणाच्या पकडीतून देवाने केलेली माणसाची सुटका. या शब्दाकडे पुढे परत येऊ.

"ते तर यरुशलेमचं एक दार होतं ना?"

मराठी माणसाला ही दाराची गोष्ट पटकन पटते, त्याला एक कारण आहे. सुईच्या भोकाला आपण नाक म्हणतो, तसंच नेढंही म्हणतो. आणि नेढं म्हटलं की ट्रेकला जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राजगडाच्या सुवेळा माचीवरचं, रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं येतं. कातळाला आरपार पडलेलं भोक, ज्यात चार माणसं आरामात बसून वारा खातात. डोंगराला नेढं असू शकतं, तर यरुशलेमच्या तटाला का नसावं?

पण पहिल्या शतकातल्या यरुशलेममध्ये 'सुईचं नाक' नावाचं दार होतं याचा एकही पुरावा नाही, ना उत्खननात, ना त्या काळच्या लिखाणात. ही गोष्ट पहिल्यांदा ठळकपणे भेटते ती मध्ययुगात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने जुन्या भाष्यकारांचे उतारे एकत्र केले, त्यात ती अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या धर्मपंडिताच्या नावावर दिली आहे. म्हणजे येशूनंतर हजारएक वर्षांनी. त्याआधी चौथ्या शतकाच्या अखेरीला जेरोम हा मोठा पंडित बेथलेहेममध्येच राहत होता, आत्याच्या फोटोतल्या गावात. यरुशलेम त्याच्या हाकेच्या अंतरावर. त्याने मत्तयावर भाष्य लिहिलं आणि या वचनाबद्दल स्पष्ट म्हटलं की इथे सांगितलेली गोष्ट अवघड नाही, अशक्य आहे. असं दार असतं तर ते त्याला ठाऊक नसतं का?

दुसरा पुरावा भाषेतला आहे. मार्क आणि मत्तय सुईसाठी एक ग्रीक शब्द वापरतात, लूक दुसराच वापरतो. भोकासाठीचे शब्दही बदलतात. विशेषनामाचं असं होत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला कोणी 'राजधानी दरवाजा' लिहीत नाही. तिघे लेखक शब्द बदलू शकले, कारण तिघांच्याही मनात शिवणकामाची साधी सुई होती.

एकदा हातात सुई घेऊन उजेडाकडे धरून पाहा. गोणपाट शिवायचं दाभण घेतलं तरी चालेल. सुईच्या नाकात दोरा ओवताना टोक ओलं करावं लागतं, चिमटीत पिळावं लागतं, चष्मा शोधावा लागतो. आणि समोर उभा आहे दोन मीटर उंचीचा, वशिंडाचा, गुरगुरणारा उंट. येशूच्या प्रदेशातल्या माणसाने पाहिलेला हा सगळ्यात मोठा प्राणी आणि घरातलं हे सगळ्यात लहान भोक. या दोन टोकांच्या मध्ये दार बसवायला जागाच नाही.

"मग उंट नसेल, दोर असेल"

हा दुसरा युक्तिवाद जास्त विद्वत्तेचा आहे. ग्रीकमध्ये उंटाला 'कामेलोस' म्हणतात आणि जहाजाच्या जाड दोराला 'कामिलोस'. काळाच्या ओघात या दोन्हींचा उच्चार सारखाच होऊ लागला. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, बोलताना तोही पुसला जातो, तसंच. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने इथे दोर असा अर्थ घेतला आणि थोड्या उशिराच्या हस्तलिखितांत दोराचा शब्द आढळतोही.

पण जुन्या आणि भरवशाच्या हस्तलिखितांत उंटच आहे. नक्कल करणारा लेखनिक विचित्र शब्द सोपा करतो, सोपा शब्द विचित्र करत नाही. दोराला सुई शोभते, उंटाला शोभत नाही, म्हणून उंटाचा दोर झाला असणार. आणि जहाजाचा दोर तरी सुईत कुठे जातो? तर काही जण सांगतात की दोराचे पीळ सोडवून एकेक धागा ओवता येतो. म्हणजे पुन्हा तीच सोय: हळूहळू, थोडं थोडं करत जमेल.

ही बोलण्याची तऱ्हा त्या भागात रुळलेली होती. बाबिलोनमधल्या यहुदी पंडितांच्या चर्चा तालमूद या ग्रंथात आहेत. तिथे सुईच्या नाकातून जाणारा प्राणी हत्ती आहे. कुराणाच्या सातव्या सुऱ्यातही उंट सुईच्या नाकातून जाईपर्यंत अमुक लोक स्वर्गात जाणार नाहीत, असं म्हटलं आहे. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच, अजिबात न होणारी गोष्ट. स्वतः येशूही असंच बोलत असे. चिलट गाळून काढता आणि उंट गिळता, असं तो शास्त्र्यांना म्हणाला. भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे तर आपल्या म्हणीशी तंतोतंत जुळतं. ते मुसळ किती लांबीचं होतं हे कोणी मोजत बसत नाही. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते आपल्याला लागलीच कळतं.

तिसरी पळवाट सगळ्यात बारीक आहे. मार्कमध्ये उंटाच्या आधीचं वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत एवढंच आहे: "मुलांनो, देवाच्या राज्यात जाणं किती कठीण!" नंतरच्या बऱ्याच हस्तलिखितांत त्यात भर पडली, "धनावर भरवसा ठेवणाऱ्यांना". कोणा लेखनिकाला मूळ वाक्य फार कडक वाटलं असेल. मला त्याचा राग येत नाही. दार, दोर आणि ही भर, या तिन्हींच्या मागे एकच धडपड दिसते, आपलं बरं चाललेलं असताना हे वाक्य ऐकून बसवत नाही.

शिष्य का दचकले?

वचन ऐकून शिष्य म्हणाले, "मग तारण होणार तरी कुणाचं?"

ते स्वतः कोळी, जकातवाले, साधी माणसं. श्रीमंत अडकले तर आपली वाट मोकळी, असं त्यांना वाटायला हवं होतं. उलट ते घाबरले. त्यांच्या धर्मशास्त्रात भरलेली कोठारं, वाढती गुरंढोरं हा देवाचा आशीर्वाद होता. त्यांचा मूळपुरुष अब्राहाम श्रीमंत होता. सगळं गमावलेल्या ईयोबाला शेवटी आधीच्या दुप्पट मिळालं. शिवाय ज्याच्याकडे पैसा आहे तोच दानधर्म करणार, तोच मंदिरात यज्ञबळी देणार. वर्गात पहिला येणारा मुलगाच नापास झाला असं कळलं, तर मागच्या बाकावरच्यांना आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.

येशूचं उत्तर हा या सगळ्या प्रसंगाचा गाभा आहे: "माणसांना हे अशक्य आहे, पण देवाला नाही."

पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' लिहिलेलं असतं. तिथे तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे सुटका. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात शेजारी नांदतात आणि त्या श्रीमंत माणसाची सगळी अडचण त्यांच्या मधल्या जागेत आहे. सुटकेचं तारण मिळवायला तो गहाणाचं तारण घेऊन आला होता. पाळलेल्या आज्ञा, घराण्याचं नाव, जमीन. देव या खिडकीवर काहीच ठेवून घेत नाही. ज्याच्याकडे ठेवायला काही नाही, तो रिकाम्या हाताने हात पसरू शकतो. ज्याच्या मुठीत सात-बारा आहे, त्याला आधी मूठ उघडावी लागते. मूठ उघडणं माणसाच्या बळाने होत नाही, असं येशू सांगतोय. दाराच्या गोष्टीने नेमकं हेच हरवतं. ओझं उतरवून थोडं वाकलं की उंट स्वतःच्या बळावर आत, मग देवाचं काम काय उरलं?

"मग सगळं विकायचं का?"

काहींनी हे वचन अक्षरशः घेतलं. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अंतोनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये हाच उतारा ऐकला, वडिलोपार्जित सुपीक जमीन गावाला देऊन टाकली आणि पुढे तो वाळवंटात गेला. बहिणीसाठी राखलेलं थोडंसं सुद्धा त्याने नंतर वाटून टाकलं आणि तिला व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवलं. त्या बहिणीला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने याच शब्दांवर आपल्या संन्यासी बांधवांचं जगणं उभं केलं.

अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट याने इ.स. 200 च्या सुमारास वेगळं उत्तर दिलं. त्याचं शहर व्यापाऱ्यांचं, त्याच्यासमोर बसणारे पुष्कळ जण सधन. तो म्हणाला, सगळ्यांनीच सगळं टाकलं तर उपाशी माणसाला जेवू कोण घालणार? धन हे हत्यार आहे, चांगलं वापरलं तर चांगलं. टाकायची आहे ती मनातली आसक्ती. हे शहाणपणाचं आहे, आणि आपल्याला जवळचंही. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, लोकांकडून येणं असलेलं कर्ज सोडून दिलं, ही आठवण मराठी ख्रिस्ती माणसालाही परकी नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक सांगत. पण क्लेमेंटच्या उत्तरात एक धोका आहे. "मी मनाने विरक्तच आहे" असं म्हणणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची? तुकोबांच्या विरक्तीत कागद खरोखर भिजले होते.

लूकने याचं उत्तर गोष्टीतूनच दिलं आहे. उंटाचं वचन त्याच्या अठराव्या अध्यायात आहे. एकोणिसावा उघडला की यरीहो गाव येतं आणि जक्कय येतो, जकातदारांचा मुख्य, बुटका, श्रीमंत, येशूला पाहायला उंबराच्या जातीच्या झाडावर चढलेला. त्याला कोणी 'सगळं विक' म्हणत नाही. येशू फक्त त्याच्या घरी उतरतो. जक्कय आपणहून उभा राहून सांगतो, "अर्धं गरिबांना देतो, आणि कुणाला ठकवलं असेल तर चौपट परत करतो." येशू म्हणतो, "आज या घराला तारण झालं आहे." आधीचा माणूस म्हणाला होता, मी सगळं पाळलंय. जक्कय म्हणाला, मी ठकवलंय. उंट गेला तो इथे.

म्हणजे आकडा ठरलेला नाही. योहान्ना आणि सुसान्ना या बायका आपल्या पैशांतून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत. अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता, त्याने स्वतःसाठी खोदलेली कबर येशूला दिली.

"गरिबी म्हणजेच पुण्य का?"

नाही. गरिबी स्वतःच चांगली असती, तर गरिबांना पैसे देऊन त्यांचं नुकसानच झालं असतं. विकून आलेलं गोरगरिबांना दे, असं येशू म्हणतो, कारण उपासमार त्याला मान्य नाही.

आणि जे प्रचारक सांगतात की देवाला द्या म्हणजे शंभरपट मिळेल, तेही याच अध्यायाचा आधार घेतात. विसाव्या शतकात अमेरिकेत ही शिकवण फोफावली आणि टीव्हीवरून आपल्याकडेही आली. शंभरपट हा शब्द तिथे आहे, खरं. पण मार्कच्या त्याच वाक्यात, घरं आणि शेतं यांच्या बरोबरीने, 'छळासह' असंही आहे. तो शब्द गाळून वाचणं हा ऐकणाऱ्या गरीब माणसावर अन्याय आहे.

"पण मी कुठे श्रीमंत?"

हा प्रश्न मला आत्यानेच विचारला, जेव्हा शेवटी मी तिला दाराचं खरं सांगितलं. आमच्या वसईत केळीच्या वाड्या होत्या, पानवेली होत्या. बऱ्याच गेल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या. वाडी विकलेल्या घरांत दोन-तीन फ्लॅट आहेत, मुलं परदेशात आहेत, तरी प्रत्येक जण श्रीमंत म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आपल्यापेक्षा ज्याच्याकडे जास्त तो श्रीमंत, ही व्याख्या धरली तर जगात श्रीमंत कोणी सापडणारच नाही.

चौथ्या शतकात, 369 च्या सुमाराच्या दुष्काळात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा धर्मगुरू बासिल येशूकडे आलेल्या याच श्रीमंत माणसाबद्दल बोलला होता. त्याचं बोलणं साधारण असं: शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायची आज्ञा तू पाळली असतीस, तर शेजाऱ्यापेक्षा इतकं जास्त तुझ्याकडे उरलं कसं? दुसऱ्या एका प्रवचनात तो म्हणाला, तू राखून ठेवलेली भाकरी उपाशी माणसाची आहे, पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे. त्याने मोजमाप वर पाहून केलं नाही, शेजारी पाहून केलं.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो तरुण परत आला का रे पुढे?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही, नावसुद्धा दिलेलं नाही. तिने मोबाइल काढला, अल्बम उघडला. त्या फोटोखाली 'उंटाचं दार' लिहिलेलं होतं. ते तिने एकेक अक्षर करत पुसलं आणि नुसतं 'बेथलेहेम' लिहिलं. फोटो मात्र ठेवला. मग मला म्हणाली, शेजारच्या वाडीत काम करणाऱ्या बाईची दोन महिन्यांची मजुरी आपल्याकडे राहिलीय, पावसात हिशोब झाला नव्हता, उद्या बँकेत जाताना मला घेऊन चल.